वाटीतला रेडिओ

सोमनाथ शेटे झोपलेला नाही. निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं आहे. जरा पाठ टेकली, डोळे मिटले, एवढंच. आता वहिनींच्या हातचा झुणका दोनदा मागून घेतल्यावर, वर ताकभात हाणल्यावर, चैत्रातल्या दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चटईवर आडवं झालेल्या माणसाचे डोळे किती वेळ नुसते मिटलेले राहतात, ते तुम्हीच ठरवा. पंखा कटकट करतोय. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजते, लांब जाते, आणि मग ती वाजतेय की आठवतेय तेच कळेनासं होतं.

ही खोली त्याच्या थोरल्या भावाची, महालिंग अण्णांची. अण्णा कऱ्हाडच्या पोस्टात नोकरीला होते, पण ते आपलं पोटासाठी. खरा जीव इथे. पोस्ट सुटलं की गडी चप्पल न काढताच जिना चढून वर, की मग जेवायच्या हाकेपर्यंत खाली यायचं नाव नको. गल्लीतल्या कुणाचा मिक्सर, कुणाचा टेप, कुणाचा पंखा, सगळं इथे उघडं पडलेलं. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत आणि वस्तू वेळेवर परत द्यायची नाही, असा सगळा कारभार. गेल्या दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि अण्णा गेले.

सोमनाथ बँकेतून निवृत्त झालेला. घर दोन गल्ल्या पलीकडे. लहानपणापासून या खोलीत त्याचं काम एकच, टॉर्च धरायचा. अण्णा डाग देणार, म्हणजे शिसं वितळवून तार जोडणार, आणि हा शेजारी उजेड धरून उभा. "सोमू, हलवू नकोस. अरे, हलवू नकोस म्हटलं ना! तुझा हात थरथरतो बघ. तुला हे जमायचं नाही." सोमनाथलाही ते पटलेलं. सोल्डरिंगला त्यानं जन्मात हात लावला नाही. तरी ही खोली त्याला हवी आहे. का, ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्याला सापडलेलंही नाही.

म्हणून महिनाभर त्यानं ती आवरली. आणि इथेच घोळ झाला. अण्णांची पद्धत अशी, की जे काय उघडलं असेल त्याचे स्क्रू, स्प्रिंगा, बटणं एका वाटीत टाकायची आणि वाटी त्याच वस्तूशेजारी ठेवायची. घरातल्या निम्म्या वाट्या वर. सोमनाथला तो नुसता पसारा दिसला. बँकेतला माणूस! त्यानं झाकणांचे डबे आणले, स्क्रूंमध्ये स्क्रू, स्प्रिंगांमध्ये स्प्रिंगा, बटणांमध्ये बटणं, सगळं मापानं लावलं. वाट्या स्वच्छ घासून, पुसून खाली नेऊन दिल्या, आणि वर शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"अगंबाई! खोली अगदी आरशासारखी केलीत की, भाऊजी!" शकुंतलावहिनी म्हणाल्या. "आता माझा रेडिओ तेवढा जोडून द्या."

स्पीकरची तार सुटली म्हणून स्वयंपाकघरातला त्यांचा रेडिओ अण्णांनी जायच्या आधी वर आणून उघडला होता. आता त्याचे स्क्रू कुठले आणि सगळ्या गल्लीचे कुठले, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. त्यानं आज-उद्या करत दिवस काढले. आज जेवताना वहिनींनी वाढता वाढता सांगून टाकलं, "भाऊजी, रेडिओ नाही तर सकाळी स्वयंपाकघर खायला उठतं मला. होत नसेल तर तसं सांगा. उद्या भंगारवाल्याला बोलावते. सगळंच जाऊ दे. मला त्या जिन्याकडे बघवत नाही आता."

म्हणून तो जेवून वर आलाय, आणि विचार करण्यासाठी म्हणून आडवा झालाय.

"वाट्या कुठं आहेत?"

अण्णा स्टुलावर बसलेत. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, चष्मा कपाळावर. सोमनाथ चटईवरून उठून बसतो.

"खाली. घासून दिल्या."

"घासून?"

"अण्णा, तुला माहितीय ना, तू गेलास ते?"

"माहितीय रे. त्याचं काय एवढं! वाट्यांचं सांग."

सोमनाथ सांगतो. अण्णा ऐकतात, मान हलवतात, आणि त्यांच्या हातात टोकन असतं. ते बँकेच्या खिडकीबाहेर उभे आहेत आणि सोमनाथ आत, त्याच्या नेहमीच्या खुर्चीत. मागे रांग आहे, पण रांगेत माणसं नाहीत, मिक्सर आहेत.

"शकूचा रेडिओ काढायचाय," अण्णा म्हणतात.

"सही जुळत नाही तुझी."

"कशी जुळेल? चल, आत चल."

लॉकरच्या खोलीत गार आहे. प्रत्येक लॉकरमध्ये एकेक वाटी असणार हे सोमनाथला बाहेरूनच ठाऊक आहे. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे आहे आणि एकही किल्ली लागत नाही. तो घामाघूम होतो.

"अण्णा, रेडिओचे स्क्रू कुठले तेवढं सांग. बाकीचं मी बघतो."

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे?"

"अरे, मला तरी कुठं पाठ होतं? वाटीत असायचं म्हणून कळायचं. नाहीतर मी काय सर्वज्ञ लागून गेलोय?"

सोमनाथला रडूच फुटायचं बाकी राहतं. एवढ्या लांबून माणूस आला, आणि त्यालाही माहीत नाही! "मग आता काय करू? उद्या भंगारवाला येतोय. खोली जाईल."

"जाऊ दे की. माझं आता काय अडलंय तिच्यावाचून?"

"माझं अडलंय," सोमनाथ म्हणतो. "मला हवीय ती. घरी मी पेपर वाचतो, मग परत तोच पेपर वाचतो. इथं आलो की कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. तू नसलास तरी वाटतं."

अण्णा चष्मा डोळ्यांवर घेतात आणि त्याच्याकडे नीट बघतात. "आणि इथं येऊन तू काय करणार?"

"बसेन."

"नुसतं बसायला तुझ्या घरात पाट नाहीत होय?"

आई चुलीपुढे बसून भाकरी थापतेय. तिची पाठ तेवढी दिसते. ती वळत नाही आणि तिनं वळावं असं कुणाला वाटतही नाही. भाकरी करतेय ना ती. जुन्या घरातलं स्वयंपाकघर, धुरानं काळं झालेलं. जमिनीवर पाट, पाटावर वहिनींचा रेडिओ पालथा. सोमनाथच्या अंगात अर्धी चड्डी आहे. अण्णा मात्र पिकल्या केसांचे, लेंग्यातलेच.

"टॉर्च धर," अण्णा म्हणतात. सोमनाथ धरतो. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआपच वर जातो.

"हलवू नकोस."

सोमनाथ श्वास रोखतो.

"अरे, हलवू नकोस म्हटलं ना!"

आणि आज पहिल्यांदाच सोमनाथ तारेकडे न बघता उजेडाकडे बघतो. पाटावर उजेडाचा गोल पडलाय. तो जागचा हलत नाही. खिळ्यानं ठोकल्यासारखा स्थिर आहे. हलतंय ते सोल्डरिंगचं टोक.

"अण्णा, टॉर्च नाही हलत. तुझा हात हलतोय."

अण्णा सोल्डरिंग खाली ठेवतात. आईच्या हाताखाली भाकरी थपथप वाजते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच," अण्णा म्हणतात. "वडिलांचाही हलायचा. आपल्या घराण्याला ते आहेच."

"मग मला का ओरडायचास?"

"कुणावर तरी ओरडायला लागतंच ना. शकूवर ओरडलो असतो तर चहा बंद झाला असता."

सोमनाथला हसू येत नाही. त्याला राग येतो, चांगला सणसणीत येतो, अर्ध्या चड्डीतल्या पोराला येतो तसा. "जन्मभर मला वाटत आलं, की माझ्याच हातात खोट आहे! बँकेत सही करतानासुद्धा दुसऱ्या हातानं मनगट धरायचो मी. लोकांनी बघू नये म्हणून. आणि तू आरामात म्हणायचास, तुला जमायचं नाही!"

"हो," अण्णा म्हणतात. "चुकलंच माझं. तू ऐकून घ्यायचास, मला सोपं जायचं."

एवढंच. पुढे काही सारवासारव नाही. जिवंतपणी अण्णांनी कुणाची माफी मागितल्याचं गावात कुणाला आठवणार नाही, त्यामुळे सोमनाथला पुढे भांडायचं कसं तेच सुचत नाही. राग आला तसा उतरतो आणि त्याला नुसतं वाईट वाटतं, अण्णांचं आणि स्वतःचंही.

थोड्या वेळानं तो विचारतो, "हात हलायचा तर डाग कसे द्यायचास?"

"बस इथं. दाखवतो."

खोलीतलं टेबल. स्टुलावर सोमनाथ. टॉर्च अण्णांच्या हातात. अण्णा टॉर्च धरून उभे आहेत, आणि त्यांना ते मुळीच जमत नाही. उजेड भिंतीवर, छतावर, रेडिओवर, नुसता नाचतोय.

"हात अधांतरी धरला तर कुणाचाही थरथरतो," अण्णा म्हणतात. "मनगट टेकव. इथं, टेबलाच्या कडेला. दाब. अजून. हाडाला लागलं पाहिजे. आता बोटं बघ."

बोटं जागेवर आहेत. सोमनाथला ती दुसऱ्याचीच वाटतात. स्पीकरची सुटलेली तार तो टोकाखाली धरतो. शिशातल्या राळेचा धूर नाकात जातो. "थांब... थांब... आता सोड," अण्णा म्हणतात, आणि शिशाचा थेंब पसरून चकाकतो.

"अण्णा, लागला!"

"मग काय तर."

"आणि स्क्रू?"

"जो बसेल तो त्याचा. एखादा उरला तर उरू दे. माझ्या हातून गेलेली एकही वस्तू या गावात सगळ्या स्क्रूंनिशी परत गेलेली नाही. बंद पडली का एखादी?"

"पडल्या की."

"त्या वेगळ्या कारणानं."

आता मात्र सोमनाथ हसतो. हसता हसता विचारतो, "बरा आहेस ना तू?"

"बरा आहे. तिथं उकडत नाही, एवढं चांगलंय," अण्णा म्हणतात. "हात उचलू नकोस. मनगट टेकलेलं राहू दे."

उजेड डोळ्यांवर येतो. सोमनाथ म्हणतो, "अण्णा, डोळ्यांवर नको, खाली धर." तो उजेड खिडकीतला आहे, कलतं ऊन.

सोमनाथ चटईवर आहे, खोलीच्या मधोमध. टेबल पार तिकडच्या भिंतीला. तो उठून बसतो, तोंडावरून हात फिरवतो, आणि हात तसाच डोळ्यांपुढे धरतो.

उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला आडवा वळ उठलाय. लालभडक, खोल. चटईचा असेल म्हणून तो कोपर बघतो. कोपरावर चटईची जाळी उमटलीय, बारीक चौकटी-चौकटींची. मनगटावरचा वळ सरळ आहे, आणि मध्येच एका ठिकाणी थोडा वाकलेला.

तो टेबलापाशी जातो. टेबल त्यानं महिनाभर वरून घासलं, पण कडेकडे कशाला बघतोय कोण! एका जागी कड झिजून आत गेलीय, लाकूड तिथे तेलकट गुळगुळीत झालंय. सोमनाथ स्टुलावर बसतो आणि मनगट तिथे टेकवतो. वळ त्या झिजलेल्या कडेवर बरोब्बर बसतो.

तो सोल्डरिंगची पिन लावतो आणि तापायची वाट बघतो. हात थरथरतोच आहे. तो मनगट हाडापर्यंत दाबतो, सुटलेली तार धरतो, आणि जन्मातला पहिला डाग देतो. ओबडधोबड बसतो, वाटाण्याएवढा. पण बसतो.

सेल घालून त्यानं बटण फिरवल्यावर आधी नुसती खरखर येते. मग एक बाई अगदी स्पष्ट आवाजात कांद्याचा भाव सांगू लागते.

जिन्यावर पावलं वाजतात. वहिनी दारात येतात, चौकटीला धरून उभ्या राहतात. पदर तोंडाशी जातो. "लागला हो, भाऊजी," त्या म्हणतात. "लागला."

"झाकण बसवायचंय अजून," सोमनाथ म्हणतो. "एखाददुसरा स्क्रू कमी पडेल."

"पडू दे." वहिनी आत येतात आणि मध्येच थबकतात. त्यांची नजर त्याच्या हातावर आहे. "हे काय झालं?"

"टेबलाची कड लागली."

वहिनी वाकून बघतात. "यांच्या मनगटावर असाच असायचा," त्या म्हणतात. "जेवायला बसले की दिसायचा मला. किती तेल चोळलं, पण जायचा नाही. शेवटची अंघोळ घातली तेव्हाही होता."

वहिनी डोळे पुसतात आणि स्टुलाशेजारी खाली फरशीवरच बसतात. उद्याच्या भंगारवाल्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नाही. रेडिओवर कांदा संपून बटाटा सुरू होतो, मग लसूण, मग आलं, आणि दोघंही ते सगळे भाव शेवटपर्यंत ऐकतात.