पाखऱ्याचा डावा डोळा

पूर्णिमाच्या घरी आंघोळीला जायचं तर आधी विचारावं लागतं, की टबात काही भिजत घातलंय का. बहुतेक वेळा घातलेलं असतंच. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकापाशी बाटलीसारख्या बुंध्याचे पाम आहेत. त्यांची झावळी गळते तेव्हा देठाकडचा रुंद भाग, जो झाडाला म्यानासारखा लपेटून असतो, तोही खाली येतो आणि नेमका कोणाच्या तरी स्कूटरवर पडतो. बाकीचे लोक वर बघून झाडाला शिव्या घालतात. पूर्णिमा खाली बघते आणि ते म्यान उचलून घरी आणते.

मग ते टबात भिजतं, मऊ पडल्यावर उलगडतं आणि पाट्याखाली दबून राहतं. पाट्याच्या वर तांदळाचा डबा आणि त्यावर गव्हाचा. सावलीत वाळलं की आतली बाजू हाताला मऊ चामड्यासारखी लागते. तिच्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि मग ॲक्रिलिकने चित्र. कुत्री, मांजरं, एकदा एक पोपट. कासव मात्र तिने नदीच्या गोट्यावर काढलं होतं, आणि एक अतिलाडावलेलं पांढरं मांजर वाळक्या भोपळ्यावर. भोपळाच का, हे मांजराच्या मालकिणीने विचारलं नाही हे बरंच झालं.

नवरा सुदर्शन हडपसरकडच्या एका कारखान्यात शिफ्टवर जातो. बायकोच्या या उद्योगावर त्याचं म्हणणं एकच: "लोकांकडे कपडे भिजतात, आमच्याकडे झाड भिजतं." असं म्हणतो आणि पाटा उचलायला मात्र तोच पुढे होतो.

दोघंही मूळचे वर्ध्याकडचे. तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. पूर्णिमा शाळेत होती तेव्हा आख्ख्या आळीचे लाकडी बैल रंगवायला तिच्याकडे यायचे. सगळे एकाच सुताराच्या हातचे, एकाच मापाचे. पण रंगवून झाल्यावर प्रत्येक पोराला आपला बैल लांबून ओळखू यायला पाहिजे, नाहीतर रडारड. ती धास्ती तिच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि चित्र दाखवण्याची तिची रीत त्या धास्तीतूनच आली आहे.

चित्र दाखवताना ती "कसं झालंय" असं कधीच विचारत नाही. वरचं फडकं काढते आणि गप्प उभी राहते. समोरचा म्हणाला, "वा, छान झालंय हो," की ती मनातून खट्टू होते. छान काय, कॅलेंडरसुद्धा छान असतं. पण समोरच्याने बेसावधपणे त्या जनावराला हाक मारली, नुसतं नाव घेतलं, की चित्र उतरलं. मग त्या दिवशी घरी गोड काहीतरी होतं.

वारज्याचे सर्जेराव तिला भेटले ते जनावरांच्या डॉक्टरांमुळे. डॉक्टरांच्या भिंतीवर तिने काढलेलं एक कुत्रं टांगलेलं आहे. सर्जेराव बैलाचं औषध न्यायला आले, त्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि तिचा नंबर मागून गेले. संध्याकाळी फोन आला. "ताई, तुमी बैल काढता का?"

पूर्णिमाला एवढा आनंद झाला की ती हो म्हणायच्या आधी हसलीच. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, आणि बैल कोणी सांगितलाच नव्हता.

सर्जेरावांची हकिगत साधी होती. वारजं पुण्यात आलं तशी त्यांची शेतं एकेक करून इमारतींखाली गेली. राहिला होता तेवढा गोठा, आणि गोठ्यात एक म्हातारा बैल, पाखऱ्या. आता गोठ्याच्या जागेवरही इमारत उभी राहणार होती. सर्जेराव आणि त्यांची बायको सरुबाई शेजारच्याच इमारतीत फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, आणि पाखऱ्या येत्या रविवारी पौडच्या पुढे लेकीकडे जाणार होता. "लेक नशिबाची हाय," सर्जेराव म्हणाले. "आधी तिला धाडली, आता बैल. म्हायेर हळूहळू तिकडंच चाललंय." हसले, आणि मग हळू आवाजात पुढे म्हणाले, "फ्लॅटात बैल मावत न्हाई. पर तो गेल्यावं सकाळी उठून मी बघायचं कुणाकडं? म्हणून चित्र."

पूर्णिमा दुसऱ्याच दिवशी वारज्याला गेली. जनावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ती ब्रश हातात घेत नाही. पाखऱ्या पांढरा होता, वयाने थोडा पिवळसर पडलेला, आणि एका डोळ्याभोवती तांबूस डाग, जसा कोणी हौसेने काढावा. तिने फोटो काढायला घेतले तर पठ्ठ्या माशा उडवायला मान झटकायचा. एकही फोटो धड येईना. शेवटी ती त्याच्या गळ्याला हात घालून उभी राहिली आणि स्वतःसकट एक सेल्फी काढला. त्यात मात्र तो असा शहाण्यासारखा बघत होता की जणू त्याचीच वाट पाहत होता. घरी येऊन तिने त्यातून स्वतःला कापलं आणि बैल ठेवला.

चित्र झरझर उतरलं. शुक्रवारी ते फडक्यात गुंडाळून ती रिक्षाने वारज्याला पोचली. सर्जेरावांच्या हॉलमध्ये, नव्या सोफ्यावर, चित्र उभं करून तिने फडकं काढलं आणि गप्प उभी राहिली.

सर्जेराव बघतच राहिले. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि अगदी हळू म्हणाले, "हरण्या."

नाव आलं, म्हणून पूर्णिमाला आधी बरंच वाटलं. मग तिला कळलं की हे नाव भलतंच आहे. स्वयंपाकघरातून सरुबाई आल्या, हात पुसता पुसता चित्राकडे पाहिलं आणि मटकन सोफ्याच्या कडेला बसल्या. "अवं, ह्यो तर हरण्या हाय. आपण पाखऱ्या सांगितला हुता न्हवं?"

सर्जेरावांनीच मग सांगितलं. पाखऱ्याच्या जोडीला हरण्या होता. एकाच रंगाची, एकाच उंचीची जोडी, वारज्यात प्रसिद्ध. फरक एवढाच, की पाखऱ्याचा डाग डाव्या डोळ्याला आणि हरण्याचा उजव्या. डाव्या अंगाला पाखऱ्या जुंपायचे, उजव्या अंगाला हरण्या. हरण्या जाऊन दोन उन्हाळे झाले. "त्याचा फोटू बी न्हाई आमच्याकडं," ते म्हणाले. "हुता एक, तो जुन्या फोनासंगं गेला."

पूर्णिमाने फोन काढून तो मूळचा, न कापलेला सेल्फी उघडला. स्वतःचा चेहरा मोठा करून पाहिला. तिची चमकी डाव्या नाकपुडीत असते. फोटोत ती उजव्या नाकपुडीत दिसत होती. तिच्या जुन्या फोनला सेल्फी आरशासारखा उलटा ठेवायची खोड होती, आणि इतके दिवस त्याने काही बिघडलं नव्हतं, कारण ती स्वतःची चित्रं काढत नसे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "पण हे पुसता येतं. या डागावर पांढरा हात मारते, वाळला की इकडे दुसरा डाग काढते. इथं बसूनच करून देते." आणि तिने पिशवीतून रंग काढलासुद्धा.

सर्जेरावांनी तिचा हात धरला. "त्याला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. सरुबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "दोन वर्सांनी घरी आलाय तो. लगीच पुसता व्हय?" त्या म्हणाल्या.

ते ऐकून पूर्णिमाचा जीव भांड्यात पडला, पण तसा पुरता नाही पडला. कारण हरण्या आला ते खरं, पण ज्याच्यासाठी हा माणूस फोनवर हळू आवाजात बोलला होता, तो पाखऱ्या रविवारी टेंपोत चढणार होता, आणि त्याचं चित्र नव्हतं. तिने दिलेला शब्द तसाच राहिला होता.

घरी आली तेव्हा सुदर्शन जेवायचा थांबला होता. "तोंड काहून उतरलं?" त्याने विचारलं. तिने सगळं सांगितलं. तो पाट्याखालचं म्यान बघून आला आणि म्हणाला, "हे तर अजून ओलं आहे. याच्यावर रविवारपर्यंत बुरशी येईल, बैल नाही येणार."

तयार असं एकच म्यान घरात होतं, आणि त्यावर बुधवार पेठेतल्या सुशीलाबाईंच्या बोक्याचे दोन कान आधीच काढून झाले होते. सुशीलाबाई म्हणजे चित्र सांगायला आल्या तेव्हा ज्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "रंग टिकाऊ आहे ना? बोका टिकत नाही घरात, म्हणून विचारते." त्यांना फोन करायचा म्हणजे वाघाच्या तोंडात हात. पूर्णिमाने देवाचं नाव घेतलं आणि केला.

सुशीलाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आमच्या बोक्याच्या कानांवर आता बैल उभा राहणार," त्या म्हणाल्या.

"हो. आपली हरकत नसेल तर."

"बैलाला आधी जाऊ द्या. आमच्या बोक्याला कुठे कामावर जायचंय." आणि फोन ठेवला. पुण्यात याहून प्रेमळ होकार मिळत नाही.

शनिवारी सकाळी पूर्णिमा रंग, पाण्याचा डबा आणि बोक्याचे कान झाकलेलं म्यान घेऊन गोठ्यातच जाऊन बसली. फोन पिशवीच्या तळाशी. सर्जेराव पाखऱ्याच्या मानेला हात लावून उभे राहिले, म्हणजे तो मान झटकायचा नाही. पण हात लावला की त्यांना बोलायची हुक्की यायची, आणि ते हरण्याबद्दल बोलायला लागले. दोन वर्षांत त्यांनी त्या बैलाचं नाव काढलं नव्हतं, असं सरुबाईंनी पिठलं-भाकरी आणली तेव्हा हळूच सांगितलं. आता ऐकावं तर हरण्या कुठं अडला, हरण्याने कोणाचा टोमॅटो खाल्ला, हरण्या शर्यतीत मधेच थांबून गाजर बघत कसा उभा राहिला. पाखऱ्याही कान हलवून ऐकत होता.

मधे एकदा पूर्णिमा पाणी बदलायला उठली. परत आली तेव्हा पाखऱ्या चित्राचा खालचा कोपरा चावत होता. त्याच्या दृष्टीने ती कला नव्हती, वैरण होती. सर्जेरावांनी ओढून काढलं तोवर चांगला घासभर तुकडा पोटात गेला होता. नशीब, तिथं रंग लागलेला नव्हता. पूर्णिमा खाली बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. तो कोपरा कापून सरळ करावा असं तिच्या मनात आलं, मग तिने तो तसाच राहू दिला आणि डाव्या डोळ्याकडे वळली. डाव्या म्हणजे त्याच्या डाव्या. तीन वेळा समोर जाऊन खात्री केली, एकदा सर्जेरावांना विचारलं, आणि मगच तांबडा रंग भरला.

रविवारी टेंपो आला. लेक आणि जावई स्वतःच आले होते. पाखऱ्या फार कुरकुर न करता चढला, कारण आत हिरवा चारा होता. सर्जेरावांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, लेकीला तीच तीच सूचना दोनदा केली, आणि टेंपो वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. पूर्णिमा हे सगळं फ्लॅटच्या खिडकीतून बघत होती, कारण तिला आणि सुदर्शनला वर चित्रं टांगायला ठेवलं होतं. ते रडले तर काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

सर्जेराव वर आले, चपला काढल्या आणि भिंतीकडे पाहिलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी, कडेला कड लावून. सुदर्शनने मापं घेऊन खिळे ठोकले होते आणि त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता. सर्जेरावांनी आधी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, जिथं दातांच्या खुणा होत्या. मग मान हलवली.

"उलटी लावलीसा," ते म्हणाले. "डाग भाईरनं येत्यात. ह्यो तिकडं, आन् त्यो हिकडं."

सुदर्शनने चित्रं काढून अदलाबदल केली. सर्जेरावांना तेही पटेना. त्यांनी स्वतः खिळा उपसून हरण्याला थोडा बाजूला सरकवला, पुन्हा थोडा सरकवला, आणि दोघांमध्ये वीतभर मोकळी भिंत सोडून खिळा ठोकला.

"काका, एवढं अंतर कशाला?" पूर्णिमाने विचारलं. "जवळ लावली तर जोडी छान दिसते."

"दिसंल," सर्जेराव म्हणाले. "पर मधी जू येतं न्हवं. जागा सोडाया लागती." मग त्यांनी त्या मोकळ्या जागेवर तळवा टेकला, जीभ टाळूला लावून बैलांना हाकतात तसा एक टॉक आवाज काढला आणि सरुबाईंना चहा टाकायला सांगितलं.