गोदावरी न दिसणारा फोटो

सिरोंच्याला मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. ऐन मे महिन्यात गोदावरीच्या वाळूत एक गृहस्थ कॅमेरा घेऊन पालथा पडला होता. लपण्यासाठी टोपीत कडुनिंबाच्या हिरव्या डहाळ्या खोचल्यामुळे त्या उघड्या वाळूत तो पार गावातून दिसत होता. सकाळी पाण्यावर येणाऱ्या पखुर्ड्या, म्हणजे वाळूच्या रंगाची तितरासारखी पाखरं, त्याला टिपायची होती. कॅलेंडरवाल्याने वाळवंटातले पक्षी मागितले होते आणि याला राजस्थानच्या गाडीचं रिझर्वेशन मिळालं नव्हतं.

"वाळू सगळीकडे सारखीच," तो मला समजावत म्हणाला. "फक्त पाणी दिसता कामा नये."

मग धुणं धुणाऱ्या बाईला त्याने हातानेच बाजूला व्हायला सांगितलं.

"कपडे नेतो मी उचलून," ती म्हणाली. "पण साहेब, गोदावरी कुठी नेऊ?"

पुढच्या वर्षी न्हाव्याच्या दुकानात ते कॅलेंडर लागलं. कोपऱ्यात त्या बाईचा धुण्याचा दगड अर्धा आला होता. मधोमध पखुर्डीचा नर, आणि खाली छापलेलं, 'थरचं तहानलेलं वाळवंट'. पिलांसाठी भिजवून घेतलेल्या त्याच्या पोटाच्या पिसांतून पाणी ठिबकत होतं.