एक रिंग आपली, दोन त्यांच्या

आमची फुटबॉलची टीम यंदा खालच्या लीगमध्ये गेली. हे मी ऑफिसात सांगितलं तर समोरची बाई "अरेरे" म्हणेल आणि डबा उघडेल. तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. टीम इंग्लंडातल्या एका पावसाळी गावची. ते गाव मी पाहिलेलं नाही, माझ्या थोरल्या भावानेही पाहिलेलं नाही. दादाला तर त्या गावाचं नाव अजून नीट म्हणता येत नाही. तरी आम्ही दोघं तिला "आपण" म्हणतो. आपण हरलो. आपल्याला पेनल्टी मिळायला पाहिजे होती. माझा नवरा क्रिकेटवाला आहे. तो विचारतो, "आपण म्हणजे कोण वं? तुम्ही दोघं कधी गेले होते खेळाले?"

दादा नागपूरला होस्टेलवर राहून शिकला. कॉलेजच्या टीममध्ये तो लेफ्ट बॅक होता आणि त्याचे गुडघे कायम सोललेले असायचे. होस्टेलच्या टीव्हीवर त्याने ही टीम पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती सपाटून हरत होती. बाकीचे सगळे जिंकणाऱ्यांच्या मागे लागले आणि आमचा दादा यांच्या. का, तर म्हणे, "एवढे गोल खाल्ले तरी शेवटपर्यंत पळून राहिले होते." सुट्टीत रामटेकला आला तेव्हा हा रोग मलाही लावून गेला. मी तेव्हा शाळेत होते. घरात तिसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते फक्त आमचं दोघांचं राहिलं.

पुढे दादा रामटेकला शेती पाहू लागला, मी लग्न होऊन नागपूरला आले. आता आम्ही मनीषनगरला राहतो. दादाकडे छतावर डिश आहे. आमच्याकडे टीव्हीवर नवऱ्याचं क्रिकेट किंवा बातम्या, त्यामुळे मी मॅच फोनवर पाहते, ॲपवर. आणि ॲप अर्धा मिनिट मागे असतं. म्हणजे दादाला गोल आधी दिसतो, मला नंतर. हे लक्षात आल्यावर तो गप्प बसेल तर तो दादा कसला? आपला गोल झाला की तो मला फोन लावायचा आणि एक रिंग वाजली की कापायचा. त्यांचा गोल झाला तर दोन रिंग.

मी खूप शिव्या घातल्या. मजा जाते म्हटलं, फोन बंद करून ठेवीन म्हटलं. पण ज्या फोनवर मॅच पाहायची तोच बंद कसा करणार? आणि खरं सांगायचं तर एक रिंग वाजल्यावर गोल दिसेपर्यंतचं ते अर्धं मिनिट मला आवडू लागलं. मी नवऱ्याला हाक मारून म्हणायचे, "लवकर या, आता गोल होते पाहा." आणि व्हायचा. बरेच दिवस त्याला वाटत होतं की बायकोला खेळातलं फार कळतं. त्याचा हा गैरसमज मी होईल तितका टिकवला.

या सीझनला एक रिंग क्वचितच वाजली. सुरुवातीलाच मालकांनी आमचा गोल मारणारा एकमेव खेळाडू विकून टाकला. त्याच्या जागी जो आणला तो उंच होता, एवढंच. बॉल त्याच्या डोक्याला लागायचा, पण तो डोकं लावायचा नाही. कॅप्टन म्हातारा झाला होता. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. समोरचा पोरगा बाजूने निघून गेल्यावर तो वळायचा. गोलकीपरला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की बॉल लांब मारायचा नाही, आपल्याच माणसांना द्यायचा, मागून खेळ बांधत यायचं. अरे, पण बांधणारी माणसं कुठे आहेत? तो आपला बॉल द्यायचा, आपल्या माणसाच्या पायातून तो निसटायचा आणि माझ्या हातात फोन दोनदा वाजायचा. दिवाळीनंतर कोचला काढलं. नवा आला तो फार छान बोलायचा. त्याने टीमला हरण्याआधी थोडा वेळ पुढे राहायला शिकवलं. मग शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही सगळं घालवायचो. त्यापेक्षा जुनं हरणं बरं होतं, निदान त्यात आशा लागत नव्हती.

त्या थंडीतल्या एका शनिवारी मी स्वेटर घालून पलंगावर बसले होते, मॅच बरोबरीत होती आणि फोन वाजला. एक रिंग. दोन. झालं, म्हटलं, खाल्ला गोल. पण रिंग थांबेना. तीन, चार, वाजतच राहिली. मला राग आला. एवढे गोल एकदम कसे होतील, दादाला काय गंमत सुचते आहे, असं वाटलं आणि मी फोन कापला. तो पुन्हा वाजला. मी पुन्हा कापला. मग आता काय होतं ते पाहू म्हणून स्क्रीनकडे पाहत बसले. आमचा गोलकीपर बॉल छातीशी धरून उभा होता. त्याने तो हळूच शेजारच्याला दिला. अर्धं मिनिट गेलं, आणखी थोडं गेलं. गोल कोणाचाच झाला नाही.

तेव्हा मी फोन लावला. वहिनीने उचलला. "ताई, काहून कट करून राहिल्या वो? हे पडले. घामाघूम झाले. बोलत नाही."

रात्रीतून त्याला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. तो वाचला. डॉक्टरांनी नळी घालून तपासणी केली आणि आम्हाला कॉम्प्युटरवर दाखवलं की रक्त कुठे कुठे अडतंय. बायपास करावी लागेल, उशीर करू नका, पुढचा झटका येईल तेव्हा दवाखान्यापर्यंत पोचाल याची खात्री नाही, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. दादाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सीझन संपू द्या, मग पाहू."

डॉक्टरांना वाटलं, शेतीचा सीझन. पण धान केव्हाच घरात आलं होतं. शेतात कामच नव्हतं, म्हणून सबब द्यायला टीमच उरली होती. बाहेर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. गाडीत बसताना तो म्हणाला, "आपण वाचलो तर करतो मी ऑपरेशन. शब्द देतो."

"आन् नाही वाचलो तर?"

त्याने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहत बसला.

मला माहीत होतं त्याला कशाची भीती आहे ते. आमचे बाबा असेच ऑपरेशनसाठी नागपूरला आले होते, स्वतःच्या पायांनी चालत. जाताना दादाला म्हणाले होते, चार दिवसांत येतो. त्यांना परत रामटेकला घेऊन जाणाऱ्या गाडीत दादा त्यांच्या शेजारी बसून होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही. फुटबॉलवर आम्ही तासन्‌तास बोलू शकायचो, हा त्याचा एक फायदा होता.

त्यानंतर माझ्यासाठी मॅच ही मॅच राहिली नाही. दादाचा रिपोर्ट पाहावा तशी मी ती पाहत होते. उंच खेळाडूने रिकाम्या गोलवरून बॉल उडवला की मला वाटायचं, मेल्या, माझ्या भावाचं काय? वहिनी गडावर जाऊन रामाला साकडं घालून आली. दादा म्हणाला, "रामाले ऑफसाइड समजते काय?" आणि एकटाच हसला. मी त्याला समजावलं, रडले, भांडले. नवऱ्याने जाऊन समजावलं. तो सगळ्यांना चहा पाजायचा, गोळ्या वेळेवर घ्यायचा आणि पॉइंट टेबलात आपण कुठे आहोत ते पाहायचा. रिंग मात्र तो देत राहिला. बहुतेक दोनच. दुसरी रिंग संपून फोन थांबेपर्यंत माझा श्वास अडकून राहायचा. फोन थांबला की मला हायसं वाटायचं. आपण गोल खाल्ल्यावर हायसं वाटणारी मी जगातली एकटीच असेन.

मार्चमध्ये आम्ही ओळीने दोन मॅच जिंकलो. तेव्हा मी वेड्यासारखी पेढे घेऊन ऑफिसात गेले. कशाचे विचारल्यावर काय सांगावं कळेना, म्हणून भाचा परीक्षेत पास झाला म्हणून सांगितलं. मग एप्रिलमध्ये जे व्हायचं तेच झालं, पुन्हा हरू लागलो. शेवटच्या मॅचवर सगळं येऊन ठेपलं. जिंकलो तर राहिलो, नाहीतर खाली.

त्या दिवशी मी रामटेकला गेले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी एका खोलीत बसून मॅच पाहिली नव्हती, त्याची सुट्टी आणि माझी शाळा होती तेव्हापासून. मे संपत आला होता, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू होते. अंधार पडला तरी भिंती तापलेल्याच होत्या. कूलर घरघरत होता, वहिनीने कैरीचं पन्हं केलं होतं. दादा पलंगावर उशीला टेकून बसला. वाळला होता फार. मी टीव्हीकडे कमी आणि त्याच्या छातीकडे जास्त पाहत होते.

आणि आम्ही चांगले खेळलो. हे सांगायलाच पाहिजे. सबंध सीझनमध्ये खेळले नाहीत तसे पळाले. म्हातारा कॅप्टन जमिनीवर लोळण घेऊन बॉल काढत होता. दुसऱ्या हाफमध्ये त्या उंच माणसाने एकदाचं डोकं लावलं आणि बॉल आत गेला. दादाने मोठ्याने आरोळी मारली. वहिनी आतून धावत आली, तिला वाटलं काही झालं. मी दोघांना धरून बसवलं. मला हसू येत होतं आणि रडूही.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि लाइट गेली.

कूलर थांबला, टीव्ही काळा झाला. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि पंखा, बस. मी घाईघाईने फोनवर ॲप लावलं. दादा सरकून माझ्या जवळ आला. बोटभर उंचीची माणसं हिरव्या पाटीवर पळत होती. दादाने चष्मा लावला, मग काढला.

"हे अर्धा मिनिट मागं आहे ना वं?"

"हो."

"म्हणजे तिकडं जे व्हायचं ते होऊन गेलं असन. आपल्यालेच कळाचं आहे."

मी फोन आणखी त्याच्याकडे धरला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो गरम होता. वहिनी देवाजवळ जाऊन बसली. अगदी शेवटी गोलकीपरने बॉल धरला. लांब मार, मी मनात म्हणत होते, एकदाच लांब मार, कोणाला देऊ नकोस. त्याने तो शेजारच्याला दिला. शेजारच्याच्या पायातून निसटला. बाकीचं मी पाहिलं नाही, दादाच्या श्वासावरून कळलं.

मॅच बरोबरीत सुटली. आम्ही खाली गेलो. ती माणसं मैदानावर बसकण मारून रडत होती आणि आमच्या खोलीत पंखा फिरत होता. दादाने "हं" केलं आणि उशीवर डोकं टेकलं. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. उठून अंगणात गेले.

अंगणात सगळीकडे अंधार होता. मला इतका संताप आला होता की कोणावर काढावा कळेना. त्या गोलकीपरवर, त्या छान बोलणाऱ्या कोचवर, बाबांवरसुद्धा. आणि सगळ्यात जास्त दादावर. ज्यांना याचं नाव माहीत नाही त्यांच्या पायात याने स्वतःचा जीव नेऊन ठेवला होता, आणि त्यांनी तो घालवला. मी न्हाणीच्या भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडले.

हातातला फोन वाजला. एक रिंग. दादाचा होता.

मी दुसऱ्या रिंगची वाट पाहिली. ती आली नाही. चुकून हात लागला असेल असं वाटलं, तरी मी तशीच उभी राहिले. मग आत गेले. तो पलंगावर उठून बसला होता, फोन मुठीत घेऊन.

"कोणाचा झाला?" मी विचारलं.

"आपला."

मी त्याच्याजवळ बसले. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मग तो बाबांबद्दल बोलला नाही, पण तेच बोलला. म्हणाला, "मले लय भेव वाटून राहिलं वं बाई."

"मले बी," मी म्हटलं.

त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा ओला होता.

"खालून वर याले एक सीझन तर लागतेच," तो म्हणाला. "उद्या डॉक्टरले फोन कर. विचार, ऑपरेशन केलं तर तेवढा एक सीझन भेटते काय."