अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फोटो

कपाशी बुडाली त्या वर्षी परतवाड्याच्या आमच्या वाचनालयाचे सभासद गळायला लागले, म्हणून अध्यक्षांनी पुस्तकं देणाऱ्या काकांना फेसबुक शिकायला लावलं. शिकवणारा मी. काका बोटाला थुंकी लावून मोबाइल सरकवत. कुणाचाही फोटो आला की माणसं सोडून मागचं कपाटच मोठं करून न्याहाळत.

अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या फोटोखाली शुभेच्छांची रांग लागली. काकांनी लिहिलं, ‘साहेब, कूलरच्या पायाखाली दिसत असलेले पुस्तक वाचनालयाचे आहे. त्वरित जमा करावे.’

दुसऱ्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर पुस्तक देऊन गेला. काका फडक्यानं त्याची ओल टिपत बसले.

‘काका, नोकरीचं भेव नाई लागलं?’

‘लागलं ना बापा. म्हनून त पयले फोटो लाइक केला.’