बाबांनी लूम थांबवले तेव्हा
कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला, की मी डिंडोलीत, बाबा काम करायचे त्या लूमच्या कारखान्यात पोचते. नव्वदच्या दशकातली ती दुपार, कवडशात संथ तरंगणारी धाग्यांची लव. लोकप्रशासन घेऊन मी नुकतीच बीए झाले होते आणि पालिकेतून नि एका डाइंग मिलच्या ऑफिसातून, दोन्हीकडून बोलावणं आलं होतं. मिलचा पगार जास्त, पालिकेची नोकरी कायमची. त्या खडखडाटात सगळे हातांनीच बोलत. मीही हवेत शिक्का मारला, मग कापडाची घडी घातली आणि ‘कुठे जाऊ?’ म्हणून तळहात पसरले. पाळीत पाण्यालाही न थांबणाऱ्या बाबांनी आपले लूम बंद केले. तो कोपरा निवला. “पोरी, तुले काय वाटस?” त्यांनी विचारलं. आजही पालिकेत कुणी माझ्या टेबलाशी आलं, की मी आधी घरघरणारा पंखा बंद करते.