डॉक्टरचा आखडता हात

अँजिओप्लास्टीच्या टेबलावर आडवा पडून मी डॉक्टरला कंजूष म्हणालो. आपल्या काळजापर्यंत गेलेली तार ज्याच्या हातात आहे त्याला असं बोलू नये, एवढी अक्कल पासष्टाव्या वर्षी तरी यायला हवी होती. पण खोटं बोललो नव्हतो. आमच्या गावचा हा डॉक्टर म्हणजे अख्ख्या बीड जिल्ह्यातला सगळ्यात आखडत्या हाताचा माणूस. आंघोळ परातीत उभा राहून करणार, आणि परातीतलं पाणी जास्वंदीला. पाहुण्याला पाणी देण्याआधी विचारणार, "किती घोट?" पाटोद्याच्या एका लग्नात हा ग्लासांतलं उष्टं पाणी गोळा करून मांडवामागच्या लिंबाच्या रोपाला घालत होता. वधूपित्यानं वाढपी समजून त्याच्या हातात आणखी एक ट्रे दिला. यानं तोही निमूट रोपापाशी नेला.

माझं दुखणंही त्याला साजेसंच निघालं. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद होत आलेली, साखर जुनी, किडन्या जेमतेम निम्म्या चालणाऱ्या. रक्तवाहिनी पडद्यावर दिसायची तर आत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडावी लागते, आणि तीच जास्त झाली तर माझ्या किडन्या कायमच्या बसणार. शहरातल्या दोघा डॉक्टरांनी त्यापायी नकोच म्हटलं होतं. हा म्हणाला, "बघू. थोडक्यात भागवू."

झोपेच्या औषधानं मी तरंगत होतो. पडद्यावर एक काळी रेघ उमटायची, तिला फांद्या फुटायच्या, आणि क्षणात सगळं पुसलं जायचं. वाटायचं, सिंदफणा नदीच्या कोरड्या पात्रात कुणीतरी तांब्याभर पाणी ओततंय आणि वाळू ते पिऊन टाकतेय. मग बराच वेळ नुसती वाळू. मी पडलो दूध सोसायटीचा जुना चेअरमन, हुकूम सोडायची सवय. बरळलो, "सोड की सढळ हातानं! कावून एवढा कंजूषपणा करायलास?"

"गप पडा, चेअरमन. हलू नका."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. काळीज ठीक, किडन्या होत्या तशाच. मी त्याचा हात धरला. "हे थोडक्यात भागवणं कुठं शिकलास रे?"

त्यानं माझ्यासाठी अर्धाच ग्लास पाणी ओतलं.

"दुष्काळात सोसायटीचा पाण्याचा टँकर आधी तुमच्या दारात लागायचा. तुमच्या म्हशी धुऊन उरलं तर आमच्या मायला एक घागर. घरात आमी सहा जण."

गुंगी केव्हाच उतरली होती, तरी मला ते दार दिसलं. म्हशींच्या पाठीवरून चमकत ओघळणारं पाणी, आणि पलीकडं रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी असलेली त्याची माय. मी तेव्हा तिच्याकडं कधी वळून बघितलं नव्हतं.

"तुमीच शिकवलं, चेअरमन," ग्लास माझ्या हातात देत तो म्हणाला. "म्हशी जरा कमी धुतल्या असत्या, तर आज तुमच्या किडन्या गेल्या असत्या."