गाण्यांच्या मधला आवाज

मागच्या सुट्टीत तुम्ही आजोबांचं कपाट उघडलंत आणि विचारलंत, कॅसेटींवर इतक्या नीट चिठ्ठ्या कुणी लावल्या? मी लावल्या, तुमच्या आजीने. गाण्याचं नाव, राग, तारीख, सगळं माझ्या अक्षरात.

अर्धांगवायूच्या झटक्याने तुमच्या आजोबांची वाचा गेली होती. परदेशी जाण्याआधी तुमचे बाबा त्यांच्यासाठी उपग्रहावरचा रेडिओ घेऊन अंबाजोगाईला आले. त्याच्या अँटेनाची वहीएवढी पाटी खिडकीत आग्नेयेकडे तोंड करून ठेवली की आवाज अगदी स्वच्छ येई. वर्षाची वर्गणी भरली की जाहिरातींचा त्रास नाही. सकाळी सात वाजता जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागे. त्याच्यासाठी कंपनीने एक नावाजलेला निवेदक भल्या मोठ्या मानधनावर आणला होता. तो "तर मंडळी" म्हणाला की आजोबांचा डावा हात उचलला जाई. दिवसभरात तेवढाच. माझ्या हाकेला तो कधी उचलला नाही.

मी टेपरेकॉर्डर जोडून गाणी उतरवून घेई. निवेदक बोलू लागला की बटण दाबून टेप थांबवायची, गाणं सुरू झालं की सोडायची. तेव्हा सगळेच असं करत. कॅसेटची जागा बोलण्यात कोण घालवणार?

आजोबांचं करायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, "बाई, त्या बाबाला बोलू द्या की. मालक त्येच्यासाठीच तर कान लावून बसतात."

"मावशी, गाणी ठेवायची असतात, बडबड नाही."

"मंग तुमी बी कमी बोलत जा," असं म्हणून त्या हसत.

एक दिवस रेडिओवरच सांगितलं की महिनाअखेर सेवा बंद होणार. मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, परिच्छेद पाडून, पोच मागून. उत्तर आलं नाही. मग बाजारात वर्गणी घेणाऱ्या दुकानदाराकडे गेले.

"बाई, कंपनीच बसली वो. लोकं वर्गणी भरंनात आन बोलणाऱ्यांचे पगार आभाळाला टेकलेले."

"काहीतरी करा ना."

"सेट बिघडला असता तर उघडला असता. कंपनी वर आभाळात हाय, मी शिडी कुठं लावू?"

शेवटच्या सकाळी टेप चालू ठेवायची मला सुचलंही नाही. मी पाटी पुसत बसले, जणू दोष तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी सातला कॅसेट लावली. गाणी एकापाठोपाठ आली. हात उचलला नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. आठवडाभर रोज सकाळी ऐकत सगळ्या संपवल्या. माणूस कुठेच नव्हता, मी त्याला इतक्या काळजीने काढून टाकलं होतं.

फक्त एका कॅसेटवर माझं बोट चुकलं होतं. "तर मंडळी" एवढंच आलं आणि लगेच गाणं.

आजोबांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. पुढचं बोलणं यायची ते वाट पाहत होते. गाणं संपेपर्यंत मी उभी राहिले, मग तो हात धरून हळूच खाली ठेवला.

ती कॅसेट कपाटात उजवीकडे आहे. तिच्यावर चिठ्ठी नाही.